आमिष टाकून शिकार: अस्वलाचं पिंप आणि हरणांपुढचा मक्याचा ढीग

जंगलात एका जाड बुंध्याला दोनशे लिटरचं लोखंडी पिंप साखळीनं जखडलेलं असतं. त्याच्या अंगाला वीतभर भोक पाडलेलं असतं. अस्वलाचा पंजा आत जावा, पण पिंप उपडं करून सगळा माल एका रात्रीत फस्त करता येऊ नये, एवढंच मोठं. आत शिळा पाव, ओट्स, काकवी, तळणीचं उरलेलं तेल. वीस मीटरवर झाडावर मचाण. उत्तर अमेरिकेत काळ्या अस्वलाची शिकार बऱ्याच ठिकाणी अशी होते.

आता दुसरं दृश्य. माळावर मक्याचा ढीग ओतलाय आणि सहा-सात हरणं त्यात तोंडं घालून खातायत. एकीची लाळ लागलेला दाणा दुसरीच्या तोंडात जातो.

कायद्यात दोन्हींना एकच शब्द आहे, आमिष. वाद पेटला की दोन्हींना एकाच मापानं मोजलं जातं. कुणी म्हणतं आमिष म्हणजे भ्याडपणा, कुणी म्हणतं ती परंपरा. आमच्या मते ही दोन आमिषं वेगळी आहेत, कारण ते खाणाऱ्यांची पोटं वेगळी आहेत आणि राहण्याची रीतही वेगळी आहे. अस्वल एकटं फिरतं, काहीही पचवतं. हरीण कळपानं खातं आणि रवंथ करतं. कायदा बरा की वाईट, आणि शिकारी नीतीनं वागतोय की नाही, हे या फरकापासूनच तपासायला घ्यावं लागतं.

आमिष कशाला म्हणायचं?

ढोबळ व्याख्या अशी: जनावराला एका जागी खेचून आणण्यासाठी माणसानं मुद्दाम ठेवलेलं खाद्य किंवा मीठ. पण कडेकडेला ही व्याख्या निसटते. पीक काढताना शेतात सांडलेला मका बहुतेक कायद्यांत आमिष ठरत नाही, कारण ती नेहमीची शेती आहे. तोच मका पोत्यात भरून परत त्याच शेतात ओतला की आमिष झाला. हरणांसाठी मुद्दाम पेरलेला क्लोव्हरचा पट्टा अनेक ठिकाणी चालतो. मिठाचा दगड काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी नाही. नुसत्या वासाचं द्रावण, जे जनावराला खाता येत नाही, त्याचा नियम पुन्हा वेगळा.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते मुदतीत. आमिष उचललं म्हणजे जागा लगेच मोकळी होत नाही. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांसाठीच्या केंद्रीय नियमात शेवटचा दाणा उचलल्यानंतरही १० दिवस ती जागा आमिष टाकलेलीच धरतात. पेनसिल्व्हेनिया राज्यात मोठ्या जनावरांसाठी हीच मुदत ३० दिवसांची आहे. यामागचं कारण सरळ आहे. हरणाच्या पायाला वाट पाठ असते. ढीग उचलला तरी ते पुढचे कित्येक दिवस तिथे येऊन हुंगत राहतं, आणि त्या सवयीचा फायदा शिकाऱ्याला मिळतच राहतो.

आमिष तुम्ही स्वतः टाकलेलं असण्याचीही गरज नाही. जमीनमालकानं टाकलं, वाटाड्यानं टाकलं, तुम्ही फक्त मचाणावर बसलात, तरी गुन्हा तुमच्या नावावर लागू शकतो. शिवाय राज्याचा नियम मोडून मारलेल्या जनावराचं मांस किंवा कातडं राज्याची हद्द ओलांडून नेलं, तर १९०० सालचा लेसी कायदा लागू होतो आणि प्रकरण केंद्र सरकारच्या कोर्टात जातं.

एकाच देशात इतके वेगळे कायदे का?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १९९२ मध्ये मतदारांनी सुमारे ७० टक्के मतांनी अस्वलासाठी आमिष, कुत्रे आणि वसंतातली शिकार, तिन्ही बंद केलं. ओरेगननं १९९४ मध्ये आणि वॉशिंग्टननं १९९६ मध्ये आमिषावर बंदी आणली. मेन राज्यात मात्र २००४ आणि २०१४ अशा दोन्ही वेळी बंदीचा प्रस्ताव मतदानात पडला.

मेनच्या लोकांना अस्वलांची फिकीर कमी म्हणून असं झालं, असं म्हणणं बरोबर नाही. जमीन पाहा. कोलोरॅडोत उघडे डोंगरउतार आहेत. समोरच्या उतारावर बसून दुर्बिणीतून अस्वल शोधता येतं आणि मग चालत जाऊन गाठता येतं. मेनचं जंगल इतकं दाट आहे की तीस पावलांवरचं अस्वल दिसत नाही. तिथे मारली जाणारी बहुतेक अस्वलं आमिषावरच मारली जातात, आणि अस्वलांची संख्या आटोक्यात ठेवायचं तेच मुख्य साधन आहे, असं तिथलं वन्यजीव खातं सांगत आलंय. बंदी आलेल्या राज्यांतही अस्वलाची शिकार थांबली नाही. परवाने आणि हंगामाचे दिवस वाढवून ती वेगळ्या वाटेनं चालू राहिली.

केंद्राच्या जमिनींवर याहून जास्त ओढाताण आहे. अलास्कातल्या राष्ट्रीय राखीव क्षेत्रांत अस्वलासाठी आमिष लावण्यावर २०१५ मध्ये बंदी आली, २०२० मध्ये ती उठली, २०२४ मध्ये पुन्हा आली. तिथे जाणाऱ्यानं गेल्या वर्षीचं नियमपुस्तक खिशात ठेवून भागत नाही.

पिंप मांडताना

जिथे अस्वलासाठी आमिष चालतं तिथल्या नियमांत बरंच शहाणपण साठलंय. मेनमध्ये आमिष गाडीरस्त्यापासून किमान ५० यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटर आत असावं लागतं. कचराडेपो आणि छावणीपासून ५०० यार्ड, म्हणजे साडेचारशे मीटरपेक्षा लांब. राहत्या घरापासूनही तितकंच लांब, नाहीतर घरमालकाची लेखी परवानगी. जागेवर आमिष टाकणाऱ्याचं नाव-पत्ता लिहिलेली दोन बाय चार इंचांची पट्टी लागते. हंगामाच्या ३० दिवस आधीपासूनच टाकता येतं, आणि १० नोव्हेंबरपर्यंत जागा साफ करावी लागते. अलास्कात जागेची नोंदणी लागते. सार्वजनिक रस्ता किंवा पायवाटेपासून पाव मैल आणि घर, शाळा, दुकान यांपासून एक मैल अंतर राखावं लागतं.

ही अंतरं कुणी मनानं ठरवलेली नाहीत. माणसाचा वास आणि अन्नाचा वास एकत्र येतो, हे अस्वल एकदा शिकलं की विसरत नाही. घराजवळ पाव खाल्लेलं अस्वल उद्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी येतं, आणि मग त्याला गोळी घालण्यावाचून इलाज उरत नाही.

काय ठेवता यावरही जीव अवलंबून आहे. २०१४ च्या सप्टेंबरात न्यू हॅम्पशायरमध्ये एका आमिषाजवळ चार अस्वलं मरून पडलेली सापडली, दोन माद्या आणि दोन पिल्लं. कुणी गोळी झाडलेली नव्हती. आमिष म्हणून तिथे सुमारे ४० किलो चॉकलेट आणि डोनट ठेवले होते. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन हे द्रव्य माणसाचं शरीर लवकर बाहेर टाकतं. अस्वलाच्या रक्तात ते साचत जातं, आणि हृदयाचे ठोके बिघडून जनावर मरतं. त्यानंतर त्या राज्यानं आमिषात चॉकलेट वापरायला बंदी केली. बेकरीतून फुकट मिळालेला माल निवडल्याशिवाय पिंपात ओतू नये तो यासाठी. प्लास्टिकची वेष्टणं काढणं तर त्याहून आधीचं काम. नाहीतर ती आतड्यात अडकतात.

विस्कॉन्सिनमध्ये अस्वलाच्या आमिषाला १० गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लिटरची मर्यादा आहे. ते पोकळ ओंडक्यात, खड्ड्यात किंवा खोडाच्या खुंटात घालून वर लाकडं-दगड रचावे लागतात. अस्वल ते सहज बाजूला सारतं, हरणाला ते जमत नाही. एकाचं खाणं दुसऱ्याच्या तोंडी लागू नये याचा इतका साधा आणि चोख बंदोबस्त आम्हाला दुसऱ्या कुठल्या नियमात आढळत नाही.

जागा निवडताना आधी वारा पाहायचा, मग झाड. अस्वल बहुधा वाऱ्याच्या खालच्या अंगानं, वास घेत घेत येतं. ते ज्या बाजूनं येणार तिकडे मचाणावरचा वास वाहत असेल, तर अस्वल येतं, थांबतं आणि अंधार पडेपर्यंत झाडीतून बाहेर पडत नाही. कॅमेऱ्यात मध्यरात्रीचेच फोटो येत असतील तर बहुतेक वेळा चूक हीच असते. दुसरी चूक म्हणजे खाडा. चार दिवस पिंप रिकामं राहिलं की अस्वल दुसरीकडे लागतं. आणि ज्या वर्षी ओक आणि बीच या झाडांना भरपूर फळ धरतं, त्या वर्षी कितीही चांगलं आमिष ओस पडतं. त्यात शिकाऱ्याचा दोष नसतो.

बसलेल्या माणसाला मिळालेला वेळ

आमिषाच्या बाजूनं सगळ्यात वजनदार मुद्दा वेळेचा आहे. झाडीतून पळणाऱ्या अस्वलावर गोळी झाडायची तर दोन सेकंदांत निर्णय घ्यावा लागतो. पिंपाशी खात बसलेलं अस्वल दहा-पंधरा मिनिटं समोर असतं. त्या वेळाचं शिकारी काय करतो, यावर त्याच्या नीतीची परीक्षा आहे.

पहिलं काम माप घेण्याचं. उभं पिंप सुमारे ८८ सेंटिमीटर उंच असतं. चार पायांवर उभ्या अस्वलाची पाठ पिंपाच्या काठाला भिडत असेल तर ते मोठं, बहुधा नर. पाठ पिंपाच्या निम्म्यावर असेल तर ते पोर आहे, सोडून द्यायचं. कान पाहायचे. डोक्याच्या माथ्यावर दोन मोठे उभे कान दिसले तर वय कमी. डोकं रुंद, आणि कान लहान वाटून दोन्ही कडांना गेलेले, तर वय जास्त.

दुसरं काम पिल्लं शोधण्याचं. मादी पिल्लांना झाडावर चढवून आमिषाकडे एकटी येते. खाता खाता मान वळवून ती त्याच त्या झाडाकडे बघत असेल, तर गोळी झाडायची नाही, मग पिल्लं दिसोत वा न दिसोत. वसंतात पिल्लं जेमतेम तीन-चार महिन्यांची असतात. आई गेली की त्यांचं जगणं अवघड. कॅनडातल्या ओंटारिओनं १९९९ मध्ये वसंतातली अस्वल-शिकार बंद केली ती अनाथ पिल्लांच्या प्रश्नावरूनच. पुढे २०१४ पासून ती टप्प्याटप्प्यानं परत आली.

तिसरं काम थांबण्याचं. अस्वल आडवं उभं राहील आणि जवळचा पुढचा पाय पुढे टाकेल, तोपर्यंत बोट बंदुकीच्या घोड्याबाहेर. पाय पुढे गेला की खांद्यामागे दोन्ही फुप्फुसांची जागा उघडी होते. अस्वलाच्या कातडीखाली चरबीचा थर असतो. तो जखमेचं तोंड बुजवतो आणि लांब केस रक्त शोषून घेतात, त्यामुळे जखमी अस्वलाचा माग जमिनीवर फार थोडा उमटतो. गोळी किंवा बाण आरपार गेला नाही तर अस्वल कुठेतरी दाट झाडीत तासन्‌तास तडफडत राहतं. आमिषावर बसूनही घाईनं वार करणाऱ्यानं आमिषाचं सगळ्यात वजनदार समर्थनच गमावलेलं असतं.

माप आणि लिंग पाहून भागत नाही, जात ओळखणंही तितकंच जरुरीचं. आयडाहोत २००७ मध्ये काळ्या अस्वलाच्या आमिषावर आलेलं एक ग्रिझली, म्हणजे वेगळ्या जातीचं तपकिरी अस्वल, मारलं गेलं. ग्रिझलीला तिथे १९७५ पासून केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे, आणि तिथल्या बिटररूट डोंगरभागात ते कित्येक दशकांत नोंदलं गेलं नव्हतं. खांद्यावरचा उंचवटा, खोलगट चेहरा आणि लांब नख्या या खुणा. रंगावर जाऊ नये, कारण काळं अस्वल तपकिरीही असतं. शेजारचं माँटाना अस्वलासाठी आमिष मुळीच चालू देत नाही.

पण अस्वलाच्या आमिषातही एक गाठ आहे आणि समर्थकांनी ती टाळू नये. मादी अस्वलाचं मीलन उन्हाळ्यात होतं, पण गर्भ लगेच रुजत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत तो थांबून राहतो. अंगावर चरबी पुरेशी असेल तरच तो रुजतो. विस्कॉन्सिनमधल्या एका अभ्यासात अस्वलांच्या आहारातला ४० टक्क्यांहून जास्त भाग आमिषातून येत असल्याचं दिसलं. म्हणजे संख्या कमी करायची म्हणून जे खाणं टाकायचं, तेच जास्त पिल्लांना जन्म देऊ शकतं. आमिषाचे दिवस आणि लिटर यांवर मर्यादा हवी असण्याचं हे आमच्या लेखी सगळ्यात पक्कं कारण आहे.

हरणापुढचा ढीग

हरणाच्या कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात, कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात, आणि ऋतूप्रमाणे त्यांची जात बदलते. हिवाळ्यात ते कोवळ्या फांद्या, साल, सुकी पानं पचवणारे असतात. त्यात एकदम मक्याचा मारा झाला की पिष्टावर जगणारे जीवाणू दोन-चार तासांत फोफावतात आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं. कोटीपोटाचा आतला थर भाजून निघतो, रक्तातलं पाणी पोटात खेचलं जातं, आणि एक-दोन दिवसांत हरीण मरतं. पोट चिरून पाहिलं तर ते मक्यानं गच्च भरलेलं असतं. पाहणाऱ्याला वाटतं, खायला तर भरपूर होतं. मक्याला बुरशी लागली असेल तर अफ्लाटॉक्सिनचं विष त्यात आणखी भर घालतं, आणि पावसात भिजलेल्या ढिगाला बुरशी लागायला फार दिवस लागत नाहीत.

त्याहून मोठं संकट रोगाचं. हरणांचा क्षयकारी रोग, ज्याला जगभर सीडब्ल्यूडी म्हणतात, पहिल्यांदा १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या एका संशोधन केंद्राच्या बंदिस्त हरणांत दिसला. तो प्रिऑनमुळे होतो, म्हणजे घडी बिघडलेल्या प्रथिनामुळे. लस नाही, औषध नाही, लागण झालेलं जनावर वाचत नाही. लाळ, मूत्र आणि लेंड्यांतून प्रिऑन मातीत उतरतात आणि तिथे कित्येक वर्षं टिकतात. लक्षणं दिसायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर ते हरीण ठणठणीत दिसतं आणि रोज त्याच ढिगात तोंड घालतं. ढीग संपला तरी खालची माती राहते, आणि दाणे टिपताना हरीण मातीही चाटतं.

नॉर्वेत २०१६ मध्ये नोर्डफ्येला भागातल्या रानटी रेनडिअरमध्ये हा रोग सापडला, युरोपातला पहिलाच. तिथला २,००० हून मोठा कळप २०१८ पर्यंत पूर्ण मारून टाकावा लागला. मिशिगनमध्ये गायींचा क्षय रानटी हरणांत पसरल्याचं १९९० च्या दशकात स्पष्ट झालं, आणि खाद्याच्या ढिगांभोवतीची गर्दी हे त्याचं एक मोठं कारण मानलं गेलं. तिथल्या खालच्या द्वीपकल्पात २०१९ पासून हरणांसाठी आमिष बंद आहे. वरच्या द्वीपकल्पात एका जागी एका वेळी २ गॅलन, साडेसात लिटर, तेही किमान दहा बाय दहा फुटांत विखुरलेलं चालतं. विखुरण्याचा नियम तोंडाला तोंड लागू नये म्हणून आहे. त्यानं धोका कमी होतो, जात नाही. रानडुकरांच्या बाबतीत युरोपात आफ्रिकन स्वाइन फीव्हरमुळे खाद्याच्या जागांवर निर्बंध आले, त्यामागेही हेच गणित आहे.

आणि इतकं करून हातात काय पडतं? ढिगाला सरावलेली हरणं, विशेषतः वयस्क नर, अंधारातच यायला शिकतात. शेजारी शेजारी दहा जणांनी ढीग टाकले की हरणांना दिवसा हलायचं कारणच उरत नाही. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: हरणासाठी खाद्याचा ढीग, कायद्यानं चालत असला तरी, टाकू नये. ओकची फळं पडतात ती जागा, पाणवठा, दोन झाडींमधली अरुंद वाट, यांवर बसणाऱ्याला मेहनत जास्त पडते, पण रोगाचं ओझं दुसऱ्याच्या रानात जात नाही.

सिंह, बिबट्या आणि उघडी शर्यत

‘उघडी शर्यत’, इंग्रजीत ‘फेअर चेस’, ही कल्पना १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकारानं सुरू झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबनं रुजवली. मोकळं फिरणाऱ्या जनावरावर शिकाऱ्याला गैरवाजवी वरचढपणा मिळू नये, हा तिचा गाभा. गैरवाजवी कुठे सुरू होतं यावर भांडण आहे, आणि आफ्रिकेतल्या मांजरकुळाच्या शिकारीत ते उघडं दिसतं.

बिबट्यासाठी इम्पाला किंवा झेब्र्याची तंगडी झाडाच्या आडव्या फांदीला अशी बांधतात की तरसांना पोहोचता येऊ नये, आणि गिधाडांपासून लपावी म्हणून वर पाला घालतात. बिबट्या फांदीवर लांब होऊन खातो, तेव्हा नर की मादी ते नीट दिसतं. टांझानियात फक्त नर मारता येतो, त्यामुळे हे पाहणं टाळता येत नाही. सिंहाचंही तसंच. वय वाढतं तसं सिंहाचं गुलाबी नाक काळवंडत जातं, आणि सहा वर्षांवरचेच नर निवडले तर कळपातल्या बछड्यांची हानी टळते, असं २००४ मधल्या संशोधनानं मांडलं. टांझानियात सहा वर्षांची मर्यादा कायद्यात आली. नाकाचा रंग मोजायला सिंह समोर शांत बसावा लागतो, आणि तो बसतो आमिषावर.

त्याच साधनाचा दुसरा वापर २०१५ च्या जुलैत दिसला. झिंबाब्वेतल्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानातला सेसिल नावाचा सिंह उद्यानाच्या हद्दीबाहेर आमिषावर बाणानं मारला गेला. त्याच्या गळ्यात संशोधकांचा कॉलर होता. संरक्षित क्षेत्राच्या रेषेलगत मांडलेलं आमिष रेषेच्या आतलं जनावर बाहेर काढतं. तिथे वय, लिंग, नेम सगळं अचूक असलं तरी आमच्या दृष्टीनं ते गैरच. शिवाय आमिषासाठी मारलेल्या झेब्र्याचा हिशेबही शिकारीच्या हिशेबात धरायला हवा.

भारतात हा प्रश्न फार लवकर संपतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २(१६) मध्ये ‘शिकार’ या शब्दातच आमिष लावणं आणि तसा प्रयत्न करणं धरलेलं आहे. गोळी झाडली नाही, जनावर आलंही नाही, तरी गुन्हा पूर्ण. माणसाच्या जिवावर उठलेल्या जनावरासाठी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी हाच रस्ता आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा तर निव्वळ करमणुकीसाठी वाघापुढे जनावर बांधण्याचं नाव घेऊन ते दंडनीय ठरवतो.

जिथे परवानगी आहे तिथे मचाणावर चढण्याआधी पाच गोष्टी लेखी मिळवाव्यात: या जनावरासाठी, या जिल्ह्यात, या वर्षी आमिष चालतं का, किती लिटर, कशाचं चालत नाही, रस्ता-घरापासून अंतर किती, आणि जागा केव्हापर्यंत साफ करायची. दुसऱ्यानं दाखवलेल्या जागी बसणार असाल तर सहावी गोष्ट विचारावी, आणि ती तोंडी उत्तरावर सोडू नये: इथे शेवटचं खाद्य कोणत्या तारखेला टाकलं, आणि शेवटचा दाणा कोणत्या तारखेला उचलला. मग खाली उतरून बुटाच्या टाचेनं माती उकरून पाहावी. मक्याचे पिवळे कण पालापाचोळ्याखाली बरेच दिवस दिसत राहतात.